डाव्या कानाची बाजू

सायलेन्सर तुटला तेव्हा सृष्टी आसरा चौकात सिग्नलला उभी होती. मागून काहीतरी लोखंडी घासत आल्यासारखं तिला वाटलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं असणार असं धरून ती समोर बघत राहिली. हिरवा दिवा लागला, तिनं क्लच सोडला आणि गाडीच्या पोटातून असा आवाज निघाला की पुढच्या स्कूटरवरच्या बाईनं मान वळवून पाहिलं, मग शेजारच्या रिक्षावाल्यानं, मग कडेला केळी मांडून बसलेल्या माणसानं. सगळे तिच्याकडे बघत होते आणि हा आवाज आपला आहे हे तिला सगळ्यांच्या नंतर कळलं. रिक्षावाल्यानं वाकून काहीतरी सांगितलं. ते कानावर आलं नाही, पण ओठांवरून तिनं ओळखलं: मॅडम, सायलेन्सर लटक रा तुम्हारा. तिनं मान हलवली आणि गाडी कडेला घेतली. पंच्याण्णव डेसिबल, तिनं मनात म्हटलं, फार तर सत्त्याण्णव. लाज वगैरे वाटायला हवी होती ती वाटली नाही. आपल्याबद्दलची एखादी गोष्ट आधी चौकाला कळावी आणि मग आपल्याला, याचं तिला थोडंसं कुतूहल वाटलं इतकंच. त्याच रिक्षावाल्यानं तारेनं तो पाइप वर बांधून दिला आणि ती तशीच आवाज करत दवाखान्यात पोचली.

होटगी रोडवरच्या त्या दवाखान्यात ती कान तपासायचं काम करायची. एक छोटी खोली, चारी भिंतींना करडा फोम, जाड दार. आत पेशंट हेडफोन लावून बसायचा, काचेबाहेर ती. वेगवेगळ्या उंचीचे स्वर ती एकेका कानात सोडायची आणि ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं. सोलापुरात या कामाला तोटा नाही. यंत्रमागावर वीस-तीस वर्षं काढलेली माणसं यायची, बहुतेक बायकोनं किंवा सुनेनं ओढून आणलेली, आणि त्यांचे आलेख इतके सारखे निघायचे की नाव झाकलं तर कुणाचा कुठला सांगता येऊ नये. खालचे स्वर ठीक, आणि चार हजार हर्ट्झच्या उंच स्वराशी खड्डा. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ, थ ही अक्षरं आधी जातात. समोरचा बोलतोय हे कळतं, रागानं बोलतोय की प्रेमानं हेही चालीवरून कळतं, काय बोलतोय ते मात्र कळत नाही. मग ती माणसं ओठ बघायला शिकतात. ओठ दिसले नाहीत तर हसायला शिकतात, किंवा मग स्वतःच बोलत राहतात, म्हणजे ऐकायची वेळ येत नाही. हे सगळं ती घरच्यांना समजावून सांगायची, रोज दोन-चारदा, त्याच शब्दांत. सांगताना तिच्या मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं.

गॅरेजवाल्यानं कंपनीचा सायलेन्सर आठ-दहा दिवस तरी येणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं बाहेरच्या कंपनीचा मागवला. तो शुक्रवारी कुरियरनं आला. लांबट खोका, आत चकचकीत डबा, दोन्हीकडे पाइप. आणि रविवारी आबा आले. महिन्यातल्या एका रविवारी तिचे वडील हिंदुराव मंद्रूपहून सकाळच्या एसटीनं यायचे, सोबत कसली तरी भाजी किंवा ज्वारीचं पीठ असायचं, आणि संध्याकाळच्या आत परत जायचे. सैफुलच्या थांब्यावर ती त्यांना घ्यायला गेली तेव्हा गाडी तशीच गुरगुरत होती. थांब्यावरचे लोक बघत होते. आबा आत बसले, पिशवी पायाशी ठेवली आणि पावसाचं बोलू लागले. निम्मा रस्ता गेल्यावर त्यांनी पाय उचलून चपलेखाली बघितलं आणि खाली काय थरथरतंय म्हणून विचारलं. सायलेन्सर गेलाय, ती म्हणाली. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. ज्या माणसानं चोवीस वर्षं गिरणीत मागाची जोडणी-दुरुस्ती केली, गिरणी बंद पडल्यावर एमआयडीसीतल्या यंत्रमागांवर आणखी पंधरा वर्षं, त्याला असल्या आवाजाचं काय, असं तेव्हा तिला वाटून गेलं. असं वाटण्यात चूक काही नव्हती. फक्त एवढ्यावर थांबायला नको होतं, आणि थांबायचं नाही हे तिच्या पोटापाण्याचं काम होतं.

घरी आल्यावर आबांनी तो खोका बघितला, न विचारताच उघडला. डबा हातात घेऊन उजेडाकडे धरला, जोडावरून अंगठा फिरवला. त्यांचे हात असे कुठल्याही लोखंडावर फिरायला लागले की चेहरा बदलायचा, जरा तरुण व्हायचा. ह्याला गॅरेज कशाला पायजे, ते म्हणाले, दोन बोल्ट आन तीन रबरं, एवढंच तर हाय. ती इथं राहायला आली तेव्हा नळ आणि दारांचे कडीकोयंडे नीट करायला म्हणून आणलेली त्यांची अवजारांची पिशवी माळ्यावर होती. ती त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढली. आई असती तर ओरडली असती, असं सृष्टीच्या मनात आलं. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती. आई असताना घरात आबांचा आवाज फारसा नसायचाच. आई बोलायची आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची, एकदा समोरच्याला आणि एकदा आबांना. रंभाबाईची सवयच आहे ती, असं सगळे म्हणायचे. फोनवर सुद्धा आई आधी सगळं ऐकून घ्यायची आणि मग आबांना मोठ्यानं सांगायची, पोरगी म्हणती अमुक, पोरगी म्हणती तमुक. आई गेल्यावर आबा आणखीच गप्प झाले. बोलताना मध्येच कुठंतरी बघू लागले. विचारलेल्याचं उत्तर दुसरंच देऊ लागले. सृष्टीनं त्याला दुःख असं नाव दिलं होतं. रोज माणसांच्या कानांना नेमकी नावं देणाऱ्या बाईनं आपल्या बापाच्या कानाला दुःख म्हणावं, हे पुढे तिला फार दिवस बोचत राहिलं.

बिल्डिंगच्या खाली पार्किंग होतं, जमिनीला सिमेंटचे ठोकळे बसवलेले. वॉचमन ईरप्पा खुर्चीत बसून कानडी पेपर वाचत होता. पहिल्या मजल्यावरच्या ज्ञानदा जोशी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. आबांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलली, स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवली, गोणपाट अंथरलं आणि उताणे होऊन आत सरकले. बाहेर फक्त गुडघ्यापासूनचे पाय राहिले, धोतर वर खोचलेलं. सृष्टी शेजारी उकिडवी बसून सांगितलं ते आत देत होती. बारा नंबरचा पाना. डिझेलचं फडकं. गंजलेल्या बोल्टवर डिझेल सोडून थांबायचं असतं, घाई केली तर बोल्ट मान टाकतो, असं आबा आतून सांगत होते. त्यांचा आवाज पत्र्यावर आपटून वेगळाच येत होता, जणू कुणा अनोळखी माणसाचा. तिला बरं वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या घरातलं काहीतरी मोडलं होतं आणि ते दुरुस्त होण्यासारखं होतं. पुण्याहून ती याच गाडीतून आली होती, मागच्या सीटवर दोन सुटकेसी आणि एक गादी घालून. टेंभुर्णीला चहा प्यायला थांबली होती. तेव्हा सायलेन्सर ठणठणीत असणार, कारण त्या प्रवासातली शांतता तिला अजून आठवत होती.

चहा आणू का, तिनं विचारलं. आतून आबा म्हणाले, न्हाय, उजवीकडचा अजून घट्ट हाय. तिला हसू आलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, ज्वारी कापायला माणसं मिळाली का. आबा म्हणाले, दे की, हितंच ठेव. तिनं काहीच दिलं नव्हतं. आतून एक हात आला, जमिनीवर चाचपडला आणि पुन्हा आत गेला. तेव्हा सृष्टीच्या डोक्यात काहीतरी आपोआप सुरू झालं, दवाखान्यात रोज होतं तसं. तिनं आवाज अर्धा केला आणि म्हणाली, आबा. काही नाही. नेहमीच्या आवाजात, आबा. काही नाही. ती हे अजून खेळल्यासारखंच करत होती, पुढचा स्वर सोडण्याआधी घ्यावा तेवढा वेळ घेत होती. आणि त्याच वेळी तिला दिसलं की जॅकचं बूड ज्या ठोकळ्यावर होतं तो ठोकळा एका कडेनं खचतोय. फार हळू. जॅक तिरका होत होता आणि गाडीचं मागचं अंग त्याच्याबरोबर कलत होतं. आबा, बाहेर या, ती म्हणाली. मग ओरडली. मग अजून जोरात ओरडली, इतकी की ईरप्पाच्या हातातला पेपर खाली आला आणि वरून ज्ञानदाताईंनी अगं बाई म्हटलं. आत पान्याची करकर चालूच होती. आबा एका लयीत पाना फिरवत होते. तिनं त्यांचे दोन्ही घोटे धरले आणि मागं टेकत सगळ्या अंगानिशी ओढलं. ते गोणपाटासकट बाहेर आले, आणि जॅक निसटला. गाडी स्टेपनीच्या टायरवर धप्पकन बसली, एकदा हलली आणि थांबली.

काही झालं नाही. गाडी वीतभरच खाली आली होती आणि टायरनं ती तोलून धरली होती. आबा आत असते तरी कदाचित काही झालं नसतं, त्यासाठीच त्यांनी ती स्टेपनी टाकली होती. ते उठून बसले. कोपराला खरचटलं होतं, सदरा पाठीवर फाटला होता. त्यांनी गाडीकडे पाहिलं, जॅककडे पाहिलं, खचलेल्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि समजायचं ते समजले. पण राग त्यांना ओढल्याचा आला होता. असं फरफटत बाहेर काढायचं म्हणजे काय, ढोराला ओढल्यासारखं.

"हाक मारायची न्हाय व्हय?" ते म्हणाले.

ती अजून त्यांच्या पायांशी बसलेली होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि ओठ नीट हलवत, पेशंटशी बोलायची तसं म्हणाली, "मारली. तीनदा."

त्यांनी तिचे ओठ वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते तिनं शेकडो चेहऱ्यांवर पाहिलं होतं, काचेपलीकडे, आलेख समोर ठेवल्यावर. काही माणसं तेव्हा वाद घालतात, काही हसतात. आबांनी ईरप्पाकडे बघितलं. ईरप्पा खुर्चीतून उठून उभा होता. त्यानं मान हलवली, हो, मारली. मग आबांनी कोपरावरची माती पुसली आणि जॅक कुठं ठेवायचा यासाठी पक्की जागा शोधू लागले.

सृष्टी तशीच बसून राहिली. तिच्या मनात जॅक नव्हता, खचलेला ठोकळा नव्हता, थोडक्यात वाचलेला जीवही नव्हता. तिला फोन आठवत होता. आठ महिन्यांपूर्वी, या दवाखान्यात लागून तिसरा-चौथा दिवस असेल, जिन्याच्या वळणावर उभं राहून तिनं मंद्रूपला फोन लावला होता. बोलायचं काय ते कागदावर लिहून आणलं होतं. आबा, मी आणि अद्वैत वेगळे झालो. मी आता परत जाणार नाही. कुणाची चूक आहे असं नाही, पण मला तिथं राहता येत नाही. तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. तिनं हे सगळं एका दमात, हळू आवाजात सांगितलं होतं, कारण जिन्यात माणसं होती. आणि पलीकडून आबा म्हणाले होते, बरं. बरं बरं. जपून ऱ्हा. जेवलीस का. ती भिंतीला टेकून उभी राहिली होती आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ज्या माणसानं अद्वैतशी लग्न करायला सहा महिने हो म्हटलं नव्हतं, परजातीतला, शहरातला म्हणून, आणि एकदा हो म्हटल्यावर ज्यानं मांडवात त्याचे पाय धुतले होते, तो माणूस एका शब्दात सगळं पदरात घेतो, काही विचारत नाही, उलट जेवलीस का म्हणतो. त्या ‘बरं’वर तिनं आठ महिने काढले होते. नातेवाइकांच्या फोनना ती सांगायची, आबांना माहीत आहे, आबांचं काही म्हणणं नाही. पुण्याहून अद्वैतच्या आईचा फोन आला तेव्हा तिनं हेच शांतपणे सांगितलं होतं. दिवाळीत आबांनी ज्वारीची दोन पोती आणून एक पुण्याला पाठव म्हटलं, तेव्हा तिचा ऊर भरून आला होता. एवढं होऊनही माणूस रीत सोडत नाही. ते पोतं तिनं ईरप्पाला दिलं होतं. आबा कधीच अद्वैतचं नाव काढत नाहीत, हा तिला त्यांचा मोठेपणा वाटत आला होता. आता तिला स्पष्ट दिसलं की आबा कुणाचंच नाव काढत नाहीत. ते काहीच विचारत नाहीत, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. ती सोलापुरात नुसती नोकरीसाठी आलीय असंच ते धरून चालले असणार. म्हणजे त्या दिवशी पलीकडे काय पोचलं असेल? एक चाल. पोरीचा आवाज, जरा दमलेला, लांबलचक, मध्ये मध्ये थांबणारा. तिनं तो फोन त्यांच्या बाजूनं ऐकून बघायचा प्रयत्न केला, सगळी स, श, फ काढून टाकून, आणि तिला ते जमलं. ते जमलं याचीच तिला भीती वाटली.

आबांनी जॅक लाकडी फळीवर बसवला, गाडी पुन्हा उचलली आणि पुन्हा आत गेले. ती नको म्हणाली नाही. उरलेलं काम पाऊण तासात झालं. जुना डबा निघाला तेव्हा त्यातून गंजाचे पोपडे सांडले. रबरांना साबणाचं पाणी लावून नव्या सायलेन्सरचे लोखंडी आकडे त्यांत सरकवले, जोडावर नवं गॅस्केट घातलं, बोल्ट आवळले. या वेळी तिनं एक हात त्यांच्या घोट्यावर ठेवला होता. काही सांगायचं असलं की ती दोनदा दाबायची आणि ते मान बाहेर काढून तिच्या तोंडाकडे बघायचे. हे त्यांनी ठरवलं नव्हतं, आपोआप तसं झालं. थोड्या वेळापूर्वीपर्यंत ती ज्याच्या मोठेपणावर विसंबून होती तो माणूस आता तिथं नव्हता, आणि हा दुसरा, घोटा दाबला की बाहेर बघणारा, तिला नवाच होता. तिला त्याच्याबद्दल अजून काहीच वाटत नव्हतं. आपल्याला आता काहीतरी करावं लागणार एवढंच कळत होतं, दाढ काढायची असली की सकाळपासून कळत असतं तसं.

मग तिनं गाडी सुरू केली. आवाज असा आलाच नाही, नुसती घरघर, चौकातल्या त्या दिवसापूर्वीची. आबा मागे ओणवे होऊन पाइपच्या तोंडाशी तळहात धरून होते. त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं, चालू हाय का? तिनं मान हलवली. त्यांनी जोडाभोवती हात फिरवला, हवा कुठं गळत नाही हे बघितलं आणि समाधानानं फडक्याला हात पुसले. काम चांगलं झालं होतं. ती गाडीतून उतरली. जेवताना सांगावं, असं तिला वाटलं. मग वाटलं, जेवताना तोंडात घास असला की ओठ नीट दिसत नाहीत. हा विचार इतका धंद्याचा होता की तिला स्वतःचाच कंटाळा आला आणि ती तिथंच, बॉनेटला टेकून म्हणाली, आबा, मी अद्वैतला सोडलंय.

"कुटं सोडलं?" आबा म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. त्यांनी भुवया जवळ घेतल्या आणि जावईबापू येनार हायत का म्हणून विचारलं. वर गॅलरीत ज्ञानदाताईंच्या हातातली चादर झटकता झटकता थांबली. ईरप्पानं पेपर उघडून तोंडासमोर धरला. सृष्टीला आसरा चौक आठवला, सगळ्यांना आधी कळणं आणि मग ज्याचं त्याला. तिनं श्वास घेतला आणि ओरडली, तिच्या अंगात होता नव्हता तेवढ्या आवाजात.

"आमचं मोडलं, आबा. आठ महिने झाले. मी परत जाणार नाही."

हे मात्र पोचलं. आबांचे हात फडक्यात तसेच राहिले. कितीतरी वेळ ते तिच्या ओठांकडेच बघत राहिले, जणू तिथून अजून काही यायचं आहे. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस का सांगितलं नाहीस. सांगितलं होतं, ती म्हणाली, फोनवर. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, आन मी काय म्हनलो? तिनं सांगितलं. ते सांगताना आपण त्यांना मारतोय असं तिला वाटलं, पण खोटं सांगायचं तर तेही ओरडूनच सांगावं लागलं असतं. आबा स्टेपनी बाहेर ओढून तिच्यावर बसले. मग त्यांनी मान वर केली आणि त्यानं हात उचलला का, असं विचारलं. नाही. दारू? नाही. दुसरी कुणी बाई? नाही. मंग? ते म्हणाले.

त्या ‘मंग’पाशी ती अडली. कारण नव्हतं असं नाही. कारणं होती, रात्रंदिवस तिनं ती उलटीपालटी करून पाहिली होती, पण त्यातलं एकही ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मार ओरडून सांगता येतो. दारू सांगता येते. तिची सगळी कारणं हळू आवाजातली होती, शेजारी बसलेल्या माणसाला, तेही बोलता बोलता थांबून, सांगण्यासारखी. पार्किंगमध्ये, गॅलरीखाली, ती कारणं तोंडातून निघताच खोटी झाली असती. तिनं एकदा सुरुवात केली, तो वाईट नव्हता, असं मोठ्यानं म्हणाली, आणि तिला ते इतकं विचित्र ऐकू आलं की ती गप्प झाली. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, कदाचित कारण नसेलच. आठ महिने तिला एका न ऐकता म्हटलेल्या ‘बरं’नं तोलून धरलं होतं. ते काढून घेतल्यावर खाली काही आहे की नाही, तिला सांगता येईना.

आबा उठले. त्यांनी अवजारं मोजून पिशवीत भरली, जॅक उतरवला, स्टेपनी जागच्या जागी ठेवली. तिला वाटलं, आता ते जेवणार नाहीत, पिशवी घेतील आणि थांब्याकडे चालू लागतील. रागावले की ते तसंच करायचे. पण ते गाडीला वळसा घालून चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी डावीकडचं दार आतून उघडलं. गावात ते शेजाऱ्यांची जीप चालवायचे, शहरात कधीच नाही. ती दाराशी वाकून बघत राहिली. त्यांनी तिला बसायची खूण केली आणि काचा वर घ्यायला सांगितल्या.

"उजवा गेला," ते समोर बघत म्हणाले. "मागात कुटं बिघाड हाय ते कळाय उजवा कान लोखंडाला लावून ऐकायचो, त्यात गेला. डाव्यात जरा येतंय. म्हनून म्हनलं, तू हिकडनं बस."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नसणार, कदाचित आईलाही नाही. त्यांनी गाडी फाटकातून बाहेर काढली आणि विजापूर रोडला, मंद्रूपच्या दिशेनं लावली. ते दुसऱ्या गियरवर, अगदी डाव्या कडेनं चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते ते त्यांना कळत नव्हते, तेव्हा ती आरशात बघून हातानं सांगत होती, मागे ट्रक आहे, जाऊ द्या. हत्तूरच्या अलीकडे घरं संपली. दोन्हीकडे कापलेल्या ज्वारीची रानं, कडब्याच्या पेंढ्या, दुपारचं पांढरं ऊन. नव्या सायलेन्सरची घरघर तिला आता जेमतेम जाणवत होती, पण त्यांच्या कानात तीच भरून राहिली असणार हे तिला माहीत होतं. असल्या कानांना खालचा स्वर आधी पोचतो आणि बोलणं झाकून टाकतो. गाडी बंद करा असं ती सांगणार होती, पण आबांनी स्वतःच गाडी एका लिंबाखाली घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. मग ते जागेवरच थोडे सरकून बसले, डावा कान तिच्याकडे करून, डोळे रस्त्यावर. ओठ बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

बोल, ते म्हणाले, पैल्यापासनं. वरडू नगो.

पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे तिला कळेना. तिनं लग्नाचं पहिलं वर्ष मनात धरून पाहिलं, सोडलं. अद्वैतच्या आईचं काहीतरी, तेही सोडलं. एक टँकर बाजूनं गेला, गाडी हलली, आणि तो लांब जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि कुणालाच न सांगितलेली, तिला स्वतःलाही क्षुल्लक वाटत आलेली गोष्ट सांगितली.

"खोलीतून बाहेर जाताना तो दिवा घालवायचा. पंखाही."

आबा ऐकत होते. त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"तू आत असतानी?" त्यांनी विचारलं.

"मी आत असताना. मुद्दाम नाही. त्याच्या लक्षातच नसायचं."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नखांत काळं डिझेल. त्यांना कळलं की नाही, तिला समजेना. पुन्हा सांगावं म्हणून ती पुढे झाली.

"आयकू आलं," आबा म्हणाले. "मंग तू काय करायचीस? अंधारात?"

"बसून राहायचे," सृष्टी म्हणाली. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला, नको तितका खाली, आणि आबांनी डावा कान आणखी जवळ आणला.